‘हो’ म्हटल्यावर पुढे काय?

आशा सेविका तिशीपुढच्या लोकांचा आरोग्याच्या माहितीचा जो फॉर्म घरोघरी जाऊन भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची शंका वेळेत यावी, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. पण उत्तर ‘हो’ आले, तर त्या घराने नेमके कोठे जायचे?

देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे शंभर ज्येष्ठांमागे सात जण. तरीही ‘वय झाले, विसरायचेच’ म्हणून घरोघरी दुर्लक्ष होते. प्रत्येक विसराळूपणा डिमेन्शियाचा नसतो. थायरॉइडचा विकार, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी हवी. मात्र त्यासाठी लागणारे मेंदूविकारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतच आहेत.

निदानानंतरची वाट तर आणखी बिकट. डिमेन्शिया पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणारे वडील, आंघोळीला नकार देणारी आई, सुनेवर चोरीचा आळ घेणारी सासू यांना सांभाळायचे कसे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. हा भार बहुधा घरातल्या एकाच बाईवर पडतो आणि तिच्या प्रकृतीची चौकशी कोणी करत नाही.

यावर उपाय शोधायला परदेशात जायला नको. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या पथकाने ८१ कुटुंबांसह एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जात. आजार समजावून सांगणे, त्रासदायक वागणूक हाताळायला शिकवणे, सरकारी योजनांची माहिती देणे, ही त्यांची कामे. देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ होते. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य त्यामुळे सुधारले.

हे काम सरकारी व्यवस्थेतही बसू शकते. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस स्मृती तपासणीला द्यावा. प्रत्येक तालुक्यात घरी जाणारे प्रशिक्षित, पगारी कार्यकर्ते नेमावेत. आशांच्या डोक्यावर हे काम फुकट टाकू नये. रुग्णाला दिवसातले काही तास सांभाळणारे केंद्रही तालुक्याच्या ठिकाणी हवे. घरातल्या त्या बाईला तेवढीच उसंत मिळेल.

फॉर्ममधला प्रश्न योग्यच आहे. पण ‘हो’ म्हणणाऱ्या घराच्या हाती निदान जवळच्या केंद्राचा पत्ता आणि तपासणीचा वार तरी पडला पाहिजे.