वय झालं म्हणे!

पस्तीस वर्षांचा शिपाई कॉलेजात फॉर्म मागायला गेला की खिडकीतला कारकून विचारतो, पोराचा का पोरीचा? माझाच, म्हटलं की हसतो. त्याच्या हसण्याचं नवल नाही. चीड येते ती आपल्यातल्या हसण्याची. वस्तीतली माणसं म्हणतात, "आता ह्या वयात पाटी घिऊन काय दिवं लावणार?" आणि आपले बिल्लेवाले कार्यकर्ते म्हणतात, "बढतीसाठी शिकतोय, चळवळीसाठी नाही." म्हणजे पोटासाठी शिकणं हा गुन्हा झाला!

मित्रांनो, मार्च 1920 आठवा. बाबासाहेबांनी त्या महिन्यात सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडली, आणि त्याच महिन्यात 21-22 तारखेला आपल्या माणगावात परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. घरी रमाई, लहानगा यशवंत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचं शिक्षण अर्धं टाकून यावं लागलं होतं. ते पुरं करायला जुलैत पुन्हा बोटीत बसले. वय 29. पगारातनं साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडनं घेतलेलं कर्ज. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. आणि बॅरिस्टरी कशाला? कुणाच्या हाताखाली मान न वाकवता पोट भरता यावं म्हणून. बडोद्याच्या कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे, हे काय ते विसरले होते? पोटाची एक चूल आणि चळवळीची दुसरी, असं त्यांनी कधी मांडलं नाही. ते आपण मांडलं. भरल्या पोटाच्यांनी मांडलं.

शाहू महाराजांनी 1918 साली महारकी वतन मोडलं. आज वतनाचं नाव नोकरी झालंय. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला काम मिळतं. मिळू दे, घर चालतं, त्याला कोण नाही म्हणतो? पण बापाचा झाडू पोराच्या हातात आला आणि पोर रिटायर होईस्तोवर तिथंच राहिला, तर ते वतनच की! त्यातनं सुटायला कागद लागतो. तो कागद अठराव्या वर्षी घेता आला नाही, कारण अठराव्या वर्षी घरात पीठ नव्हतं.

आता कॉलेजाची वेळ बघा. सकाळी अकरा ते पाच. ज्याला बाप पोसतो त्याच्यासाठी केलेली वेळ. 1946 साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरायचे. त्यांना माहीत होतं, आपला विद्यार्थी आधी कामगार असतो. इचलकरंजीत नाईट कॉलेज आहे. पण मागावर बारा तासांची पाळी, आणि रात्रपाळी आली की त्या आठवड्याला नाईट कॉलेज काय कामाचं? 1989 पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, घरी बसून शिका म्हणतं. एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, बाईनं भाकरी थापायच्या का पुस्तक उघडायचं? शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट अडीच लाखाची. कायम शिपायाचा वर्षाचा पगार तिच्या वर जातो. म्हणजे झाडू मारत राहिलास तर पगार घे, शिकतोस तर खिशातनं शिक.

पदवी घेतली की खुर्ची मिळते, असं मी सांगत नाही. ठेकेदाराकडं राबणाऱ्याला बढतीच नाही, तो पदवी दाखवणार कुणाला? ती लढाई वेगळी आणि ती लढलीच पाहिजे. पण राज्यसेवेच्या परीक्षेला मागासवर्गीयांची वयोमर्यादा 43 आहे. दार त्रेचाळीसपर्यंत उघडं आणि आपण तिशीतच म्हातारे! हे म्हातारपण कुणी शिकवलं आपल्याला?

जयंतीला डीजेची वर्गणी जमते, एका रात्रीत जमते. विहाराला मात्र संध्याकाळी सहालाच कुलूप. ते कुलूप काढा. दोन ट्यूबलाईट, चार बाकडी, एक जुना पंखा. मागच्या कोपऱ्यात पोरं सांभाळायला दोघंजण बसा, म्हणजे पोरांच्या आया पुढं बसतील. इंग्रजीचं व्याकरण कुणाला येतं त्यानं ते घ्यावं, भाषण नको. आणि जून-जुलैत प्रवेश सुरू होतील तेव्हा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो घेऊन त्या खिडकीशी एकट्या माणसाला पाठवू नका. पाच-सहाजण बरोबर जा. कारकून कसा हसतो बघू.