शिक्षेच्या नावाखाली

एव्हा ड्युव्हर्ने यांचा ‘थर्टीन्थ’ हा २०१६ सालचा माहितीपट अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना दाखविला गेला आणि त्यावर चर्चा झडल्या. आपल्या अभ्यासमंडळांनीही तो पाहावा. मात्र चर्चा कोठे घसरण्याचा संभव आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

माहितीपटाचे नाव अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीवरून घेतले आहे. १८६५ च्या ह्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेली सक्तीची चाकरी तेवढी वगळली. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठीच. आणि तो सन्मान यथार्थ होता. परंतु त्याच सुमारास दक्षिणेतील राज्ये ह्या अपवादाचा पुरेपूर लाभ उठवू लागली होती. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना बेकार हिंडतात म्हणून पकडावे, दंड भरता येत नाही म्हणून कैदी करावे आणि मळेवाल्यांना व खाणवाल्यांना भाड्याने द्यावे, असा तो व्यवहार. अलाबामात तो १९२८ पर्यंत चालला. गुलाम मेला तर मालकाचे भांडवल बुडत असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे.

१९७० च्या सुमारास अमेरिकेच्या तुरुंगांत साडेतीन लाखांच्या आसपास माणसे होती. २००८ साली ती २३ लाखांच्या घरात गेली. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम ‘क्रॅक’ विक्रीसाठी बाळगणाऱ्यास किमान ५ वर्षांची सजा ठरविली. तेवढ्याच सजेसाठी कोकेनची पूड मात्र ५०० ग्रॅम लागे. द्रव्य एकच. पण क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकले जाई, पूड सुखवस्तू गोऱ्यांत. २०१० साली हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आले, एवढेच.

चर्चेत बोट दाखविले जाते ते खाजगी तुरुंग चालविणाऱ्या कंपन्यांकडे. आपल्या कार्यकर्त्यांना हे उत्तर फार रुचेल, कारण त्यात नफेखोर लगेच हाती लागतो. वस्तुस्थिती अशी की, त्या तुरुंगांत शेकडा ८ च्या आसपासच कैदी आहेत. बाकीचे सरकारने, मते मिळवून देणाऱ्या कायद्यांखाली डांबलेले आहेत. १९९४ चा कठोर कायदा तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लिंटन सरकारचा. कोलोराडोने २०१८ साली आपल्या राज्यघटनेतील हा अपवाद काढून टाकला. पुरोगामी म्हणविणाऱ्या कॅलिफोर्नियात २०२४ साली अशाच प्रस्तावाला नकार दिला, तो मतदारांनी.

आपल्याकडे तुरुंगांतील कामे जातीनुसार वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे घटना अमलात येऊन ७४ वर्षे उलटल्यावर. त्या नियमांमागे कोणती कंपनी होती? आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात संडास साफ करण्याचे काम आज कोणत्या कैद्यांकडे आहे, याची चौकशी अभ्यासमंडळांनी करावी आणि उत्तर आमच्याकडे लिहून पाठवावे.