विजेचा शेक आणि मजुरांची हाडे

पुणे-सातारा महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, भोर तालुक्यातील किकवी हे गाव आहे. एकीकडे वाहनांचा अखंड लोंढा, दुसरीकडे भाताची खाचरे आणि पुढे शिरवळ परिसरातील कारखाने. महामार्गावरील अपघातात मोडलेली हाडे, भातलावणीत वाकून दुखावलेल्या पाठी आणि कंत्राटी पाळीत ओझी उचलून झिजलेले खांदे, अशी तीन प्रकारची दुखणी भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यात एकत्र नांदतात. श्रमिकाचे दुखणे जेथे आहे तेथे बाजार पोहोचल्यावाचून राहत नाही. ‘करंट’, ‘मशीनचा शेक’, ‘हाड लवकर जोडणाऱ्या लहरी’ या नावांनी तो आता गावोगाव पोहोचला आहे.

आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्रविरोध हे समाजवाद्यांचे धोरण कधीच नव्हते. यंत्राभोवती उभा केलेला दावा आणि त्या दाव्याच्या आड लपणारी शासनाची जबाबदारी यांना आमचा आक्षेप आहे.

या उपचारांमागील विज्ञान बनावट नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. हाडावर दाब पडला की त्यात विद्युतभार निर्माण होतो, हे जपानमधील फुकादा व यासुदा यांनी १९५७ साली दाखवून दिले. त्यातून पुढे न जुळणाऱ्या हाडांसाठी विद्युतचुंबकीय उपकरणे निघाली व १९७९ मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ताज्या अस्थिभंगावर रोज वीस मिनिटे सौम्य ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्रास तेथेच १९९४ साली परवानगी मिळाली. मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवता येते, हा मेलझॅक व वॉल यांचा सिद्धान्त १९६५ चा; त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या ‘टेन्स’ उपकरणास त्याने बळ दिले.

परंतु विज्ञान कल्पनेपाशी थांबत नाही, ते कल्पनेची परीक्षा घेते. नडगीचे हाड मोडून शस्त्रक्रियेने सळई बसवलेल्या ५०१ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात चाचणी झाली. काहींना खरे यंत्र दिले, काहींना हुबेहूब तसेच दिसणारे निष्क्रिय यंत्र. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाड जुळण्यात किंवा रुग्णाच्या हालचाली पूर्ववत होण्यात ध्वनिलहरींमुळे कोणताही फायदा आढळला नाही. पुढील वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने हा उपचार करू नये अशी ठाम शिफारस केली. कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड वा टेन्स देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०१६ सालीच सांगितले होते. न जुळलेल्या जुन्या अस्थिभंगाबाबत प्रश्न अद्याप खुला आहे; टेन्सने काही रुग्णांना तात्पुरता आराम वाटतो, हेही खरे. पण ‘हमखास गुण’ हा शब्द या पुराव्यात कोठेही बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘पण माणसाला बरे वाटते ना?’ वाटते. बहुतेक अस्थिभंग नीट बसवले की निसर्गतःच जुळतात आणि बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे श्रेय यंत्राकडे जाते. किंमत मात्र मजूर मोजतो. दहा दिवसांचे उपचार म्हणजे केवळ दहा वेळचे शुल्क नव्हे, एस.टी.चे भाडे आणि खाडा पडलेल्या दिवसांची मजुरीही त्यात धरावी लागते.

मग यंत्रच पुढे का केले जाते? रुग्णाला व्यायाम शिकवायला, त्याची चाल सुधारायला, तो वजन कसे उचलतो हे पाहायला प्रशिक्षित माणसाचा वेळ लागतो. यंत्र लावून दुसऱ्या रुग्णाकडे वळता येते. नफ्याच्या हिशेबात माणसाचा वेळ महाग व यंत्राची वीस मिनिटे स्वस्त ठरतात. यात फिजिओथेरपिस्ट हा आपला शत्रू नव्हे. तोही बहुधा कोणाच्या तरी पगारावरच राबत असतो. ही विद्या महाराष्ट्रात सार्वजनिक रुग्णालयातच रुजली. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले. महापालिकेच्या रुग्णालयात जन्मलेली सेवा खेड्यातील माणसाला मात्र बाजारातून विकत घ्यावी लागते!

हाड जुळते ते नीट बसवल्याने, विश्रांतीने, पुरेशा अन्नाने, धूम्रपान सोडल्याने आणि वेळेवर सुरू केलेल्या व्यायामाने. यातील विश्रांतीची किंमत कोणी द्यावी, हाच खरा प्रश्न आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या अटी पुऱ्या करणाऱ्या कामगारास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. ठेकेदाराने नोंदच केली नाही, तर तोही बुडतो. भाताच्या खाचरात घसरून हात मोडलेल्या मजूर स्त्रीसाठी तर अशी कोणतीच तरतूद नाही. शेतकरी अपघात अनुदान योजना मृत्यू वा अपंगत्व आल्यावर धावते. तीन महिने चूल कशी पेटावी, हे ती विचारत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण जेथे फिजिओथेरपिस्टच नाही, तेथे निःशुल्क काय मिळणार?

शासन हतबल आहे, असे कोणी सांगू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्री संघटना व विज्ञान कार्यकर्ते लढले, तेव्हा १९८८ साली देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला. यंत्र कसे वापरले जावे हे समाज ठरवू शकतो, त्याचा हा दाखला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. भोर-वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची कायम पदे निर्माण करून ती भरावीत आणि किकवीसारख्या गावांत त्यांचा आठवड्याचा दिवस ठरवावा. खासगी केंद्रांनी उपचाराचा एकूण खर्च आणि त्यातील सिद्ध-असिद्ध काय, हे मराठीत लेखी सांगावे. असंघटित मजुरास हाड जुळेपर्यंत निर्वाहभत्ता मिळावा.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हे प्रश्न उभे करावेत आणि तोवर लोकांना एवढे तरी सांगावे: हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट घेऊ नये, गर्भवतीच्या पोटा-कमरेवर व कर्करोगाच्या जागी हे शेक देऊ नयेत, आणि मोडलेले हाड जुळवण्यासाठी दागिना गहाण ठेवून कोणी लहरी विकत घेऊ नयेत. त्याला गरज आहे ती विश्रांतीची, आणि विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे.