नऊ पॉइंट आठ एक

बारावी सायन्स झालेल्या कुठल्याही माणसाला अर्ध्या रात्री झोपेतून उठवा आणि विचारा, "जी ची किंमत किती?" डोळे न उघडता उत्तर येईल, "नऊ पॉइंट आठ एक." आता पुढचा प्रश्न टाका, "आणि तू पेंड्युलमवर मोजलीस तेव्हा किती आली होती?" इथे मात्र गडी खडबडून जागा होतो. कारण तेव्हाही ९.८१ च आली होती! शेजारच्या टेबलावरही ९.८१. फार तर एखाद्या धाडसी पोराची ९.७९. अख्ख्या बॅचमध्ये पृथ्वी इतकी शिस्तीत वागते की न्यूटनलाही हेवा वाटावा.

हे कसं जमतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅल्क्युलेटरवर आधी ९.८१ टाकायचं, उलटं गणित करून वीस झोक्यांना किती सेकंद लागायला हवेत ते काढायचं, आणि तो आकडा पेन्सिलीने रकान्यात भरायचा. दोन-तीन ठिकाणी शेवटचा अंक जरा इकडेतिकडे केला की रीडिंग 'नैसर्गिक' दिसतं. ज्याला एवढाही कंटाळा येतो तो सीनियरचं जर्नल छापतो. मग सबमिशन, सही, सर्टिफिकेट, एक्स्टर्नलसमोर पाच मिनिटांची ओरल, आणि प्रॅक्टिकलच्या तीसपैकी अठ्ठावीस मार्क खिशात. बाकीचे सत्तर लेखी परीक्षेचे. खरा अभ्यास म्हणतात तो त्या सत्तरचा, आणि त्याहून जास्त सीईटीचा. सीईटीत तर प्रॅक्टिकल नावाची भानगडच नाही.

माझं म्हणणं असं आहे की अकरावी-बारावीच्या, किंवा इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली असेल तर ती ही लॅब. आणि आपण नेमकी तीच फुकट घालवलीय. कारण सामानाची कमतरता नाही (ती आहेच, त्यावर येतो). खरं कारण हे की आपण मार्क देतो उत्तर पुस्तकाशी जुळल्याबद्दल. मोजल्याबद्दल नाही.

यातली सगळ्यात मोठी गंमत ऐका. साताऱ्यात आणि सांगलीत जी ची किंमत ९.८१ नाहीच मुळी!

पृथ्वी काही नीट गोल चेंडू नाही. विषुववृत्तापाशी ती जराशी फुगलेली आहे, शिवाय स्वतःभोवती फिरतेय. त्यामुळे विषुववृत्तावर जी साधारण ९.७८० भरते आणि ध्रुवावर ९.८३२. ते प्रसिद्ध ९.८०६६५ हे मधलं प्रमाण म्हणून १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून घेतलं. ते साधारण ४५ अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागू पडतं. म्हणजे युरोपातल्या पोरांना सोयीचं. आपलं सातारा साडेसतरा अंशांच्या जरा वर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर. सांगली सतराच्या किंचित खाली, उंची सुमारे साडेपाचशे मीटर. नेहमीचं सूत्र वापरून हिशेब केला तर दोन्ही ठिकाणी ९.७८ च्या आसपास येते. म्हणजे एखाद्या पोरीने मान मोडून, प्रामाणिकपणे मोजून ९.७८ काढली, तर ती बरोबर आहे. आणि जर्नलमध्ये मात्र तिला 'स्टँडर्ड व्हॅल्यू ९.८१' लिहून खाली 'एरर' काढावी लागते. तिने पृथ्वी बरोबर मोजली, तरी चूक तिचीच!

पण थांबा, इथे लगेच टाळ्या वाजवू नका. गोष्ट याहून जरा जास्त मजेशीर आहे.

एक मीटरचा पेंड्युलम घेतला तर एका झोक्याला दोन सेकंदांहून किंचित जास्त लागतात. वीस झोके म्हणजे ४०.२ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना आपला अंगठा एक-दोन दशांश सेकंद पुढेमागे होणारच. ०.२ सेकंद धरा. म्हणजे वेळेत अर्धा टक्का चूक. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून जी मध्ये एक टक्का. एक टक्का म्हणजे जवळजवळ ०.१. तेव्हा वीस झोके मोजणाऱ्याने लिहायला हवं ते असं: ९.८, अधिक-उणे ०.१. बास. यातून सातारा आहे की पॅरिस ते कळत नाही. दशांश चिन्हापुढचा दुसरा अंक त्याने मोजलेलाच नाही, तो आलाय पुस्तकातून.

मग तो दुसरा अंक खरंच हवा असेल तर काय करायचं? वीसऐवजी दोनशे झोके मोजायचे. पावणेसात मिनिटं डोळे न हलवता. अंगठ्याची चूक तीच राहते, पण आता ती चारशे सेकंदांत विरघळते आणि जी मधली चूक ०.०१ वर येते. लगेच दुसरी अडचण उभी राहते. दोऱ्याची लांबी. मीटरमध्ये एक मिलिमीटर चुकला तरी पुन्हा ०.०१ गेले. म्हणजे गोळ्याच्या मध्यापर्यंत नीट मोजायचं. त्यासाठी गोळ्याचा व्यास हवा, आणि व्यासासाठी व्हर्नियर हवं. (व्हर्नियर कशासाठी शिकवतात ते इथे कळतं!) तिसरी अडचण झोक्याच्या रुंदीची. दहा अंशांचा मोठा झोका दिला तर सूत्रच किंचित चुकतं आणि जी ०.०४ ने कमी दिसते. तीन अंश ठेवा, म्हणजे मीटरच्या दोऱ्याला बाजूला फक्त पाच सेंटिमीटर. एवढं सगळं केलं की ९.७८ आणि ९.८१ यांच्यातला फरक काठावर का होईना, पण दिसायला लागतो. दोरा, गोळा आणि घड्याळ एवढ्यावर सातारचा पोरगा सांगू शकतो की पृथ्वी इथे युरोपातल्यासारखी ओढत नाही!

मला विचाराल तर संपूर्ण कोर्सचा फंडा यात आहे. 'उत्तर किती' यापेक्षा 'मला किती खात्रीने माहीत आहे आणि कशामुळे' हा प्रश्न मोठा. तो प्रश्न विचारायला शिकवणारी कॉलेजातली एकमेव जागा म्हणजे ही लॅब. आणि तिथेच आपण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना उलटं शिकवतो: तुला दिसलेलं आणि पुस्तकातलं जुळलं नाही, तर तुला दिसलेलं खोडरबराने पूस.

हे न पुसणाऱ्या एका माणसाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. उकाड्याला दोष देऊन तो मोकळा होऊ शकला असता. त्याने तसं केलं नाही. लंबक किती आखूड केला की घड्याळ जमतं ते महिनोन्महिने नोंदवत बसला. पुढे १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने पृथ्वीच्या आकाराबद्दल जे मांडलं त्यात या नोंदी कामाला आल्या. आपल्या जर्नलच्या पद्धतीने रिशेचे मार्क कापले गेले असते.

फ्रान्सचं कशाला, घरचंच बघू. सांगलीकराला रीडिंग म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागतं का? पावसाळ्यात अख्खं गाव सकाळी उठून आधी एकच आकडा विचारतं, आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट? चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ फुटांच्या वर गेला. समजा त्या आठवड्यात कुणी म्हणालं असतं की 'एवढं कधी येत नाही, बेचाळीसच्या आसपास लिहून टाका', तर? गावाने त्याला उचलून नदीत टाकला असता. पण त्याच गावातल्या लॅबमध्ये हेच वाक्य रोज बोललं जातं आणि कुणाला काही वाटत नाही.

सातारा जिल्ह्याचं उदाहरण तर याहून मोठं. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही असं त्या काळी मानलं जायचं. कोयना धरणाचं डिझाइन करताना भूकंपाच्या आडव्या धक्क्यासाठी जी च्या ०.०५ पट हा हिशेब धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या. धरणात बसवलेल्या यंत्राने त्या रात्री जो आलेख काढला त्यात धरणाच्या लांबीच्या दिशेने सर्वाधिक त्वरण होतं जी च्या ०.६३ पट! (तोच आपला जी, बरं का.) डिझाइनचा आकडा आणि हा आकडा अर्थातच दोन वेगळ्या प्रकारचे आहेत, सरळ भागाकार करता येत नाही. पण अपेक्षेशी न जुळणारं रीडिंग याहून मोठं ते काय असणार? ते कुणी पुसलं नाही, ते अभ्यासलं गेलं. आज जगभरात काँक्रीटच्या धरणांवर काम करणारे लोक आपली सॉफ्टवेअर्स कोयनेच्या त्या नोंदीवर तपासून बघतात. ॲबॅकसच्या मॅन्युअलमध्ये कोयना धरण हे एक उदाहरण म्हणून दिलेलं आहे. पाटण तालुक्यातलं एक रीडिंग!

आता नेहमीच्या हरकती.

"लॅबमध्ये सामान नसतं, एका टेबलावर पाच-पाच पोरं असतात." मान्य. मीटर ब्रिजची तार झिजलेली, स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू फिरत नाही, सगळं मान्य. पण झिजलेल्या तारेवर खोटं रीडिंग लिहिण्याने तार सुधारत नाही. उलट तार झिजल्यामुळे रीडिंग कसं चुकलं हे लिहिणं, हाच तर प्रयोग! पेंड्युलमला तर काहीच लागत नाही.

"सरांना वेळ नसतो, सिलॅबस संपवायचा असतो." हेही खरं. म्हणूनच प्रयोगांची संख्या कमी करा असं माझं म्हणणं आहे. छापलेल्या चौदा प्रयोगांपेक्षा नीट केलेले पाच बरे. रीडिंग पेनने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, खोडरबर लॅबमध्ये आणायचंच नाही. उत्तर लिहून झाल्याशिवाय पुस्तकातली किंमत कुणी सांगायची नाही. तीसपैकी निदान दहा मार्क 'अधिक-उणे किती आणि का' यासाठी ठेवायचे. आणि शेवटी सगळ्या बॅचच्या किमती फळ्यावर मांडायच्या. चाळीस पोरांचे चाळीस वेगवेगळे आकडे फळ्यावर बघितले की जे कळतं, ते सांगून कळत नाही.

"शेवटी सगळे आयटीतच जाणार, पेंड्युलम काय कामाचा?" ही हरकत मला सगळ्यात आवडते. कारण आमच्या धंद्यात रोज हेच चालतं. कुणीतरी मीटिंगमध्ये सांगतं, "रिस्पॉन्स टाइम दोनशे मिलिसेकंद." किती वेळा मोजला? कुठल्या मशीनवर? सगळ्यात वाईट रीडिंग किती होतं? शांतता. एकदाच मोजलेला असतो, आणि तोही क्लायंटला किती हवाय हे माहीत असताना. मग रिलीजनंतर सिस्टीम लोळते आणि रात्री दोन वाजता फोन वाजतात. दोनशे झोके मोजण्याची ज्याला सवय आहे, तो असा आकडा मीटिंगमध्ये ठेवणार नाही. सॉफ्टवेअरच कशाला, डॉक्टर होणाऱ्याला रिपोर्ट वाचायचाय, सिव्हिलवाल्याला काँक्रीटच्या क्यूबची टेस्ट घ्यायचीय. त्या क्यूबचं रीडिंग 'मॅनेज' झालं तर काय होतं ते पुलावरून जाणाऱ्यांना विचारा.

आणखी एक मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. १९१९ या एकाच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं आणि सातारा जिल्ह्यातल्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. शंभर वर्षांहून जास्त काळ या दोन जिल्ह्यांतली खेड्यापाड्यांतली पोरं शिकायला शहरात येतायत. आजही सकाळची पहिली एसटी पकडून लॅबमध्ये येणाऱ्या कितीतरी पोरापोरींच्या घरात मायक्रोमीटर स्क्रू हातात धरणारं ते पहिलंच माणूस असतं. पुण्या-मुंबईच्या पोराला हे नंतर कुठेतरी मिळेलही. हिला ही एकच संधी आहे. तिथे तिला आपण काय देतो, तर सीनियरचं जर्नल! आणि 'तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस' हा धडा. स्वतःच्या बळावर शिका म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यात हे शोभत नाही.

असो. उद्या रविवार आहे. मीटरभर दोरा, एखादा जड नट, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, आणि घरात अकरावीतलं कुणी असेल तर त्याला सोबत घ्या. दोनशे झोके मोजा. ९.६ आली तर ९.६ लिहा, आणि दोघं मिळून शोधा की कुठे गेलं ते. दुपार मस्त जाते.