गरम पोळी कोणाच्या वेळेवर?

परदेशात नोकरी करून आलेल्या बाईला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे जेवणाचं काय करत होतीस?" तिच्याच हुद्द्यावरच्या पुरुषाला विचारतात, "जेवणाचे फार हाल झाले असतील, नाही?" म्हणजे जेवणाचं काहीतरी करायचं ते बाईने, आणि हाल व्हायचे ते पुरुषाचे! या दोन साध्या प्रश्नांत आपल्या घरातली श्रमविभागणी पुरती दिसते.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं जर्मनीत राहिले. तिकडचं जेवण मिळमिळीत असतं, बटाटे फार असतात, ही गाऱ्हाणी आता सगळ्यांनी ऐकली आहेत. मला त्याहून मोठा फरक जाणवला तो जेवणाच्या वेळांत, आणि त्या वेळा कोणाच्या कष्टावर उभ्या आहेत यात. स्त्री-चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याकडे जरूर पाहायला हवं.

जर्मनीत दिवसाचं गरम, शिजवलेलं जेवण परंपरेने दुपारचं. मोठे कारखाने, कचेऱ्या, विद्यापीठं यांची आपापली भोजनगृहं असतात, आणि तिथे साहेब आणि कामगार एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहिलेले दिसतात. संध्याकाळी मात्र अनेक घरांत चूल पेटतच नाही. राईचा जाड, काळसर पाव, लोणी, चीज, मांसाचे थंड काप, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या, मुळे, टोमॅटो असं टेबलावर मांडतात. प्रत्येक जण आपापल्या पावाला लोणी लावून खातो. या जेवणाचं नावच 'आबेंटब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव. यात गरिबी नाही की आळसही नाही. तिथल्या पाव-संस्कृतीला २०१४ साली देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. पावाच्या तीन हजारांवर जातींची नोंद आहे.

हे जेवण मांडायला दहा मिनिटं पुरतात. पण वेळ वाचतो एवढंच त्याचं महत्त्व नाही. त्या टेबलाशी सगळे एकदम बसतात. तव्याशी कोणी उभं नसतं, 'अजून एक वाढू का' म्हणत कोणी फिरत नसतं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यात भागवणारंही कोणी नसतं. ताजी, फुगलेली, तव्यावरून थेट ताटात पडणारी पोळी ही आपल्याकडे प्रेमाची खूण मानतात. परंतु ती पोळी गरम खायची तर कोणाला तरी तव्यापाशी थांबावंच लागतं, आणि ते कोणीतरी कोण, हे आपण कधी विचारत नाही. त्याला आपण संस्कार म्हणतो. दुसऱ्या एका देशात सुशिक्षित, खातीपिती माणसं रोज रात्री थंड पाव खाऊन सुखाने झोपतात हे पाहिलं, की हा काही निसर्गनियम नाही एवढं तरी पटतं.

इथे एक सावधगिरी हवी. 'चला, आपणही थंड खाऊ या' असं मी म्हणत नाही. आपल्याकडे थंड अन्नाचा इतिहास वेगळा आहे. घरात शिळं खायचं ते बाईने, आणि गावात शिळंपाकं, उष्टं ज्यांच्या पदरात टाकलं गेलं ते दलितांनी. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस आणि उष्टे तुकडे सोडून देण्याचं आवाहन केलं, ते अन्नाचा माणुसकीशी संबंध आहे म्हणूनच. ताजं, गरम अन्न हा प्रत्येकाच्या सन्मानाचा भाग आहे. प्रश्न एवढाच, की तो सन्मान सगळ्यांना मिळताना एकीच्याच माथी का पडावा?

आणि जर्मनीतल्या बाया यातून सुटल्या आहेत असंही समजू नये. संध्याकाळची चूल विझली खरी, पण पश्चिम जर्मनीत बाई दुपारच्या चुलीला बांधली गेली. शाळा दुपारीच सुटत. मुलं भुकेली घरी येत, आणि आईने गरम जेवण तयार ठेवून दारात उभं असावं ही अपेक्षा असे. मग तिने पूर्णवेळ नोकरी करायची कधी? संसाराच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी, असं तिथला कायदाच १९७७ पर्यंत सांगत होता. मुलांना दुसऱ्यांवर सोपवून कामाला जाणाऱ्या आईसाठी जर्मन भाषेत खास शिवी आहे, 'राबेनमुटर', म्हणजे डोमकावळीण आई!

पूर्व जर्मनीत चित्र वेगळं होतं. बाया मोठ्या संख्येने नोकरी करत, पाळणाघरं होती, मुलं शाळेतच जेवत. घरकाम तिथेही बहुतांशी बाईच्याच वाट्याला राहिलं, पण निदान दुपारचा स्वयंपाक हे पगारी काम झालं होतं. १९९० साली दोन्ही देश एक झाले. पुढे २००३ साली दिवसभराच्या शाळा वाढवण्यासाठी केंद्र सरकारने चार अब्ज युरोंची योजना आणली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क देणारा कायदा २०२१ साली झाला, त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरली ती २०२६ पासून. तरीही २०२२ च्या पाहणीत जर्मन बायांचं बिनपगारी काम आठवड्याला सुमारे ३० तास, तर पुरुषांचं सुमारे २१ तास निघालं. तेव्हा पदार्थ बदलून बाई मोकळी होत नाही. त्यासाठी काम वाटून घ्यावं लागतं, आणि जे वाटता येत नाही ते समाजाने अंगावर घेऊन त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो.

तिथे भेटलेल्या मराठी घरांत हे फार स्पष्ट दिसलं. नवरा-बायको दोघंही इंजिनिअर, दोघंही संध्याकाळी सहाला घरी. सामानातून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकर आणि पोळपाट-लाटणं आलेलं. सहाच्या पुढे पोळ्या लाटायची ती. शिकायला एकटे आलेले मुलगे आईला फोनवर विचारून वरण-भात, उसळी उत्तम करतात. लग्न झालं की त्यातल्या पुष्कळांची ही विद्या कुठे जाते कोण जाणे! आपल्या मातीची चव परदेशात जपावी, याला माझा मुळीच विरोध नाही. पण संस्कृती जपण्याचं सगळं काम ओट्यापाशी आणि एकाच्याच दोन हातांनी व्हावं, याला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. चूल घराबाहेर नेण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, आणि त्यांच्या रांधण्याला धंद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारी शाळांतून शिजवलेलं जेवण देशभर पोचलं. पण ते शिजवणाऱ्या बाईला काय मिळालं? केंद्राने २००९ साली महिन्याला १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात आपली भर घालतात, पण नाव मात्र 'मानधन'च. घरात प्रेमाच्या नावाखाली फुकट, शाळेत मानाच्या नावाखाली जवळजवळ फुकट!

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडू या. एक, प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका आठवड्याच्या जेवणांचा हिशेब लिहावा: कोणी रांधलं, कोणी वाढलं, कोण शेवटी जेवलं. तो कागद घरातल्या सगळ्यांसमोर ठेवावा आणि कामं वाटून घ्यावीत, मुलगे आणि सासरे धरून. दुसरी, आपल्या गावच्या शाळेत रांधणाऱ्या बायांना भेटून त्यांच्या वेतनाच्या मागणीला आपल्या गटाचं नाव जोडावं. गरम पोळी सगळ्यांनाच आवडते. ती लाटणारीलाही गरमच मिळायला हवी.