गोरोला कुणी आडनाव विचारलं नाही



मध्यंतरी चिखलीच्या एका अभ्यासिकेत आपला एक कार्यकर्ता भेटला. पुण्यात पाच वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करून नुकताच परत आलेला. त्यानं मोबाईल पुढे केला. म्हणाला, "दादा, ही जुनी जपानी मालिका बघा. डोकं शांत होतं. मीही ठरवलंय, आता पुणं नको, परीक्षा नको. गावाकडे जायचं, थोडी शेती, चार कोंबड्या, निवांत जगायचं."

मी विचारलं, "शेती कुणाची?"

तो हसला. मग गप्प झाला. त्याच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याचं सोयाबीन सोंगलं, आईनं दुसऱ्याचा कापूस वेचला. त्यांच्या घरात कुणाच्याही नावानं सातबारा नाही.

ती मालिका मी नंतर पाहिली आणि मला आवडली, हे आधीच सांगून टाकतो. जपानी नावाचा अर्थ साधारण 'उत्तरेच्या देशातून'. लेखक सो कुरामोतो. फुजी टीव्हीवर ऑक्टोबर १९८१ ते मार्च १९८२ या काळात तिचे २४ भाग दाखवले गेले आणि लोकांना ती इतकी भावली की तिचे विशेष भाग २००२ पर्यंत येत राहिले. गोष्ट साधी आहे. गोरो नावाचा माणूस टोकियोत राहतो. संसार मोडतो. तो जून आणि होतारू या आपल्या दोन लेकरांना घेऊन होक्काइदो बेटावरच्या फुरानोजवळ, आपल्या जन्मगावी परत जातो. तिथं त्याचं जुनं, ओस पडलेलं घर आहे. वीज नाही, नळ नाही. शहरात वाढलेला मुलगा आधी रडकुंडीला येतो. मग बाप हळूहळू ओढ्याचं पाणी घरापर्यंत आणतो, वाऱ्यावर वीज तयार करतो, पोरं थंडीत जगायला शिकतात. कुणी भाषण देत नाही. बर्फ पडतो, चूल पेटते, आणि मोडलेली माणसं पुन्हा उभी राहतात.

असं काही पाहिलं की कुणालाही गाव आठवेल. माझं भांडण मालिकेशी नाही. ती पाहून आपल्या पोरांना जे स्वप्न पडतं, त्या स्वप्नाचा हिशेब कुणी मांडत नाही, त्याच्याशी आहे. गोरोला गावात नव्यानं सुरुवात करता आली, कारण त्याच्याकडे आधीपासून तीन गोष्टी होत्या. एकेक बघू.

पहिली गोष्ट, ठिकाण. घर पडकं असेल, पण ते त्याचं होतं. तो परत आला तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुझी वस्ती तिकडे, गावाच्या पूर्वेला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा नाहीतर घाटाखाली जा, बौद्धवाडा कुठं आहे हे गावात शिरताना विचारावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. त्यातले शंभरात जवळपास ७९ लोक खेड्यात राहतात. शंभरात सुमारे १८ लोक अनुसूचित जातींचे. म्हणजे लाखो माणसांचा प्रश्न आहे हा. आणि यातल्या बहुतेकांसाठी 'गावाकडची शेती' या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या शेतात रोजानं किंवा उक्त्यानं काम, एवढाच आहे.

दुसरी गोष्ट, पाणी. गोरो ओढ्यातून पाणी घेतो. मालिकेतला तो मोठा आनंदाचा प्रसंग आहे. तो पाहताना मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ उचलली, तेव्हा त्यांच्यामागे हजारो माणसं चालत आली होती आणि त्यानंतर त्या माणसांनी मार खाल्ला. गोरोनं पाणी घरात आणायला पाईप लागले, आपल्याला सत्याग्रह करावा लागला. आणि आजही घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा खारपाण पट्टा बघा. विहिरीला लागलेलं पाणी तोंडात धरवत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो पाणी विकत घेतो. ज्याच्याकडे नाही, तो काय करतो हे आपल्या आयाबहिणींच्या डोक्यावरच्या हंड्याला विचारा.

तिसरी गोष्ट सर्वात मोठी. नव्यानं सुरुवात करायची तर जुनं मागे टाकता आलं पाहिजे. गोरो मागे टाकतो ती त्याची स्वतःची चूक, त्याचं स्वतःचं दुःख. आपला पोरगा गावात गेला की त्याच्या आधी त्याचं आडनाव पोहोचलेलं असतं. त्यानं एम.ए. केलं काय आणि पूर्वपरीक्षा पास केली काय, पारावर तो अमक्याचा पोरगाच. शहर तुम्हाला निदान बसमध्ये, कारखान्याच्या रांगेत, गर्दीत काही तास कुणीच न होण्याची मुभा देतं. गाव ती मुभा देत नाही. गावाची सगळी व्यवस्थाच कोण कुणाचा हे लक्षात ठेवण्यावर उभी आहे.

आता कुणी म्हणेल, जपान वेगळा, तिथं जात नाही. हा भ्रमही काढून टाका. जपानमध्ये बुराकू नावाच्या वस्त्या आहेत. कातडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशा कामांमुळे 'अपवित्र' ठरवलेल्या माणसांच्या त्या वस्त्या. १८७१ मध्ये सरकारी हुकुमानं त्यांचा हीन दर्जा रद्द झाला. कागदावर माणसं मोकळी झाली, गावानं त्यांना मोकळं केलं नाही. ३ मार्च १९२२ ला क्योतोत त्यांनी सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. आपलं महाड त्यानंतर पाच वर्षांनी झालं. आणि १९७५ साली काय उघडकीस आलं? बुराकू वस्त्यांची गावं आणि पत्ते छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. का? नोकरीला आलेला उमेदवार कुठल्या वस्तीतला आहे हे तपासायला. तिथं चेहरा सारखा, भाषा सारखी, नाव सारखं. पकडायला गावाचा पत्ता पुरेसा होता.

जपानी लेखक शिमाझाकी तोसोन यांची १९०६ सालची 'हाकाई' ही कादंबरी याच दुखण्यावर आहे. नायक बुराकू घरातला शिक्षक. बापानं बजावलेलं असतं, जात कधीही सांगू नकोस. शेवटी तो वर्गात सांगून टाकतो. मग त्याच्यापुढे नव्या सुरुवातीचा कोणता रस्ता उरतो? थेट अमेरिकेतलं टेक्सास! तोही बर्फाळ, डोंगराळ, चित्रासारख्या सुंदर मुलुखातच राहत होता. पण गोरो त्या मुलुखात परत येतो आणि हा शिक्षक तिथून देश सोडून निघतो. निसर्ग तोच असतो, मित्रांनो. कोण कुठल्या घरात जन्मला, यावर तो निसर्ग माहेर होतो की तुरुंग, हे ठरतं.

आणि ज्या होक्काइदोच्या मातीत गोरो सावरतो, ती माती आधी कुणाची होती? ऐनू या मूलनिवासी लोकांची. १८६९ मध्ये सरकारनं ते बेट ताब्यात घेऊन त्याचं नाव बदललं, बाहेरचे शेतकरी आणून वसवले. १८९९ च्या कायद्यानं ऐनूंना त्यांच्याच भूमीत जमिनीचे तुकडे 'दिले'. त्या कायद्याच्या नावात ऐनूंचं 'संरक्षण' होतं आणि तो १९९७ पर्यंत टिकला. ऐनूंना मूलनिवासी म्हणून कायद्यानं मान्य करायला २०१९ उजाडलं. पडद्यावरच्या प्रत्येक शांत गावाखाली जमिनीचा एक जुना दस्तऐवज असतो. आपण तो वाचायला शिकलं पाहिजे.

त्या दस्तऐवजाचं एक पान मात्र आपल्या कामाचं आहे. १९४६ मध्ये, युद्ध हरल्यावर, जपाननं जमीन सुधारणेचा कायदा केला. गावात न राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडची सगळी जमीन सरकारनं विकत घेतली. गावात राहणाऱ्यालाही कुळाकडची साधारण एक हेक्टरच ठेवता आली, होक्काइदोत चार. बाकीची कसणाऱ्या कुळांना विकली. आधी देशातली निम्म्याच्या जवळपास शेतजमीन कुळं कसत होती. काही वर्षांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. जपानी खेड्यातला साधा माणूस ताठ मानेनं स्वतःच्या बांधावर उभा दिसतो, त्यामागे हा कायदा आहे. आपल्याकडे 'खेड्याकडे चला' म्हणणाऱ्यांनी हे पान कधी वाचून दाखवलं का? त्यांनी आपल्याला साधेपणा शिकवला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना साधेपणा शिकवण्याइतका सोपा उपदेश जगात दुसरा नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं हे गोडवं गाणं थांबवलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, म्हणून संविधानाचा पाया गाव नव्हे, व्यक्ती, ही त्यांची भूमिका. हे आपल्याला पाठ आहे. पण त्यावरून आपण एक अर्धवट निष्कर्ष काढला: बाबासाहेब म्हणाले शहरात जा, विषय संपला. विषय तिथं संपत नाही.

१९२९ च्या मे महिन्यात बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या पातुर्ड्याला परिषदेसाठी आले होते. खेडं त्यांनी पुस्तकात पाहिलेलं नव्हतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेनं ठराव केला की अस्पृश्यांसाठी स्वतंत्र नवी गावं वसवा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी ती मागणी संविधानात घालण्यासाठी मांडली: सरकारी पडीक जमिनीवर नव्या वसाहती आणि त्यासाठी स्वतंत्र आयोग. शेती राज्याच्या मालकीची, जात न पाहता कसायला दिलेली, हेही त्यातच आहे. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपण पुरेसं करू शकलो नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली.

म्हणजे ग्रामीण भागात नव्यानं सुरुवात करण्याचं स्वप्न बाबासाहेबांनीही पाहिलं होतं. फरक एका शब्दाचा आहे. बाकीचे म्हणत होते, गावाकडे परत जा. बाबासाहेब म्हणत होते, नवं गाव वसवा. जुन्या गावात परत जाणं म्हणजे जुन्या जागेवर परत जाणं. नव्या गावात पहिल्या दिवसापासून कुणीही वेशीबाहेरचा नसतो.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हे स्वप्न रस्त्यावर आणलं. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह. लाखो माणसं, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. पुढे अनेक गावांत आपल्या माणसांनी गायरानं फोडली, दगड वेचले, ज्वारी पेरली. त्या माणसांनी ओसाड माळावर गोरोपेक्षा कमी कष्ट केले नाहीत. पण त्यांच्यावर मालिका निघाली नाही. त्यांना नाव मिळालं 'अतिक्रमणधारक'.

म्हणून अभ्यासिकेतल्या त्या मित्राला आणि तुम्हा सर्वांना माझं सांगणं आहे. गावाकडे जायचं तर जा. पण थकून नको, हक्क घेऊन जा.

आधी गावाचा दप्तर बघा. तुमच्या गावात गायरान किती, कुणाच्या ताब्यात किती, हे तलाठ्याकडे विचारा. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही आहे. आजोबांचं नाव तिथं आहे का बघा. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत पडल्या असतील, त्या जपा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला २८ जानेवारी २०११ चा निकाल दाखवून तुम्हाला कुणी हुसकावायला आलं, तर तो निकाल पूर्ण वाचा. सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे.

दुसरं, दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य. योजना चांगली, पण जमीन विकणारा कुणी पुढे येत नाही तोवर ती कागदावरच. सरकारकडे रस्त्यासाठी जमीन घ्यायला बळ आहे. समृद्धी महामार्ग आपल्याच सिंदखेडराजा, लोणार, मेहकरमधून गेला. महामार्गाला जमीन सापडते, मग भूमिहीनाला चार एकर का सापडत नाही? हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक तहसीलवर गेला पाहिजे.

कुणी म्हणेल, शहरात तरी कुठं जात सुटते? खोली भाड्यानं घेताना तिथंही आडनाव विचारतात. खरं आहे. म्हणून मी शहराची आरती करत नाही. पण शहरात दुसरी खोली शोधता येते. गावात दुसरं गाव शोधता येत नाही, ते वसवावं लागतं.

त्या रात्री मित्रानं मला मेसेज पाठवला. मालिकेची लिंक नव्हती. त्याच्या आजोबांच्या नावाच्या, पिवळ्या पडलेल्या दंडाच्या पावतीचा फोटो होता. खाली एकच ओळ: "दादा, तहसीलला कधी जायचं?"

जाऊ या. नवी सुरुवात तिथूनच होते.

जय भीम! जय संविधान!