जपानांतील वसंत व भाताची लावणी

जपानचा वसंत म्हटला कीं शहरी माणसाच्या डोळ्यांपुढें साकुराचीं फुललेलीं झाडें आणि त्यांखालीं फराळास बसलेली मंडळी उभी राहते. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तेथील शेतकरी वसंतांतल्या फुलांकडे पंचांगाकडे पाहावें तसा पाहत आला आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या कानीं फारशी गेली नसेल. उत्तरेकडील तोहोकु प्रांतांत कोबुशी नांवाचें पांढऱ्या फुलांचें, सोनचाफ्याच्या कुळांतलें झाड आहे. त्यास कित्येक ठिकाणीं ‘खाचर खणण्याचा साकुरा’ म्हणतात. कारण तें फुललें कीं जमीन खणावयास घ्यावयाची. नागानो प्रांतांत डोंगरावरचें बर्फ वितळूं लागलें म्हणजे पांढऱ्यावर काळ्या खडकाच्या आकृत्या उमटतात, व त्या पाहून पूर्वीं कामें ठरवीत. जिइगाताके शिखरावर बीं फेकणारा म्हातारा दिसला कीं बीं टाकावें, शिरोउमा शिखरावर चिखलणीचा घोडा दिसला कीं चिखलणीस लागावें. त्या शिखरांचीं नांवेंच या आकृत्यांवरून पडलीं आहेत. मृगाचा हिशेब करणाऱ्या व पावशाच्या ओरडण्याकडे कान देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास यांत नवल वाटूं नये.

जपानी पंचांगांत वसंताचा आरंभ फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या सुमारास धरतात. तेव्हां उत्तरेकडे शेतांवर बर्फच असतें. त्या दिवसापासून मोजलेली ८८ वी रात्र मे महिन्याच्या आरंभीं येते. ती उलटली कीं हिमानें कोंवळें पीक करपण्याचें भय सरलें असें मानतात. चहाची पहिली तोडणीहि याच सुमाराची. (तांदळाच्या अक्षराचे अवयव सुटे केले तर आठ, दहा, आठ असे आंकडे निघतात, म्हणून तांदूळ पिकविण्यास ८८ कष्ट लागतात असें तेथील वडील माणसें सांगतात. आमच्या कोंकणच्या शेतकऱ्यास हा आंकडा कमीच वाटेल.)

आतां मुद्द्याची गोष्ट. ‘रोप म्हणजे अर्धें पीक’ अशा अर्थाची एक म्हण जपानी शेतकऱ्याच्या तोंडीं आहे, आणि त्याच्या वसंतांतील निम्मी मेहनत या म्हणीप्रमाणें चालते. फुकुओका येथें योकोइ तोकियोशि या शेतकीतज्ज्ञानें १८८२ सालीं बियाणें मिठाच्या पाण्यांत निवडण्याची रीत घालून दिली. १० लिटर पाण्यांत सुमारें २ किलो मीठ विरघळविलें म्हणजे पाण्यास इतका जडपणा येतो कीं ताजें अंडें त्यावर आडवें तरंगतें. त्यांत बीं ओतावें; पोचट दाणे वर येतात ते काढून टाकावे, तळाचे भरीव दाणे स्वच्छ पाण्यानें धुऊन घ्यावे. रोग मारण्यासाठीं अलीकडे कित्येक शेतकरी ६० अंश उष्णतेच्या पाण्यांत बीं १० मिनिटें ठेवून लगेच थंड पाण्यांत घालतात. पुढें भिजत घालण्याचाहि हिशेब ठरलेला आहे: पाण्याची उष्णता व दिवस यांचा गुणाकार १०० भरावा, म्हणजे १० अंशांचें पाणी असेल तर १० दिवस. मग सर्व दाण्यांस मोड सारखा येतो, रोप सारखें वाढतें, आणि लावणीचें यंत्र असो वा माणसाचा हात असो, चुड सारखा पडतो.

या रीतीचा आपल्याशीं संबंध नाहीं असें कोणी म्हणूं नये. १९५३ पासून भारत सरकारनें ‘जपानी पद्धतीच्या भातलागवडी’चा देशभर प्रसार केला. निवडलेलें थोडें बीं, उंच वाफ्यांवर विरळ पेरलेलें रोप, दोरी धरून ओळींत लावणी, ओळींमधून कोळपणी आणि भरपूर खत, अशीं तिचीं अंगें होतीं. आमच्या मतें यांपैकीं खताचें अंग आपण हौसेनें उचललें व बियाण्याचें अंग कंटाळ्यानें सोडलें. खतास पैसे पडतात म्हणून त्याची महती वाटते. मिठाच्या पाण्यास पैसे पडत नाहींत, म्हणून त्याची आठवण राहत नाहीं. दाट टाकलेला, पिवळा पडलेला तरवा उपटून खाचरांत खोंचावयाचा आणि पुढें युरियाच्या गोणीकडे पाहत बसावयाचें, हा प्रकार ज्या खाचरांत चालतो तेथें जपानी पद्धतीचें नांवहि घेऊं नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. लावणीसाठीं पाटांत पाणी सोडण्यापूर्वीं, वसंताच्या एखाद्या सकाळीं, गांवांतील घरटीं एक माणूस फावडें घेऊन पाटावर येतो आणि गाळ, गवत, ढांसळलेले कांठ सर्व मिळून साफ करतात. ज्या घरचें माणूस येत नाहीं त्याच्याकडून कित्येक गांवीं ठराविक रक्कम वसूल करतात, व देणाराहि ती निमूट देतो. १९४९ च्या कायद्यानें पाटाचा कारभार पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांस अधिकृत रूप आलें. पाणीवांटपांत जपानी माणसें एकमेकांवर फार विश्वासून असत असें मात्र नव्हे. पूर्वीं पाण्यावरून तेथेंहि गांवागांवांत मारामाऱ्या होत. त्यावर त्यांनीं काढलेला तोड पाहण्यासारखा आहे. कावासाकी येथें निकार्‍यो कालव्यावर १९४१ सालीं बांधलेल्या गोल हौदांत पाणी मध्यभागीं खालून वर येतें व कडेवरून चहूंकडे सारखें सांडतें. कडेच्या लांबीचे भाग ज्याच्या त्याच्या हक्काच्या प्रमाणांत पाडलेले आहेत. पाणी भरपूर असो वा कमी, वांटा तोच राहतो, आणि कोणालाहि कांठावर उभें राहून तो पाहतां येतो. पाटाच्या शेंवटच्या टोकास जमीन असलेल्या आमच्या वाचकांस यांतील मर्म वेगळें सांगावयास नको.

येथवर स्तुति झाली. पुढील गोष्ट तितकी सुखाची नाहीं, आणि तिचीच आम्हांस अधिक काळजी वाटते.

१९४६ ते १९५० च्या सुमारास झालेल्या जमीन-सुधारणेनें जपानांतील बहुतेक कुळें मालक झालीं. तें चांगलेंच झालें. परंतु तुकडा हेक्टराच्या आंतबाहेर. त्यावर घर चालेना, म्हणून मुलगा कारखान्यांत किंवा कचेरींत गेला व शेती सुट्टीच्या दिवसांची झाली. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत तेथें लागोपाठ सुट्ट्या येतात. पूर्वीं पुष्कळ भागांत जूनच्या पावसांत होणारी लावणी यंत्र, डब्यांतलीं रोपें व लवकर पिकणाऱ्या जाती यांच्या बळावर मागें मागें सरकत या सुट्ट्यांत येऊन बसली. सावडीनें गांवभर चालणारी लावणी दोन दिवसांत एकट्या यंत्रानें उरकूं लागली, हा लाभ खराच.

मात्र त्यापायीं कांहीं गेलेंहि. शरदांत भातखाचरांत रेंगे नांवाचें द्विदल गवत टाकीत. वसंतांत तें जांभळ्या फुलांनीं फुले, मधमाश्या त्यावर येत, आणि मग तें जमिनींत गाडलें कीं हिरवळीचें खत होई. आपल्याकडील ताग-धैंच्याचा हा भाऊच. लावणी लवकर आली व रासायनिक खत स्वस्त झालें, तसें रेंगेस जमिनींत राहावयास दिवस उरले नाहींत. भातापूर्वीं निघणाऱ्या सातू-गव्हाचीहि तीच गत झाली. शिवाय लवकर लावलेलें भात ऐन ऑगस्टच्या उन्हांत दाणा भरूं लागलें, आणि उष्णता वाढत चालल्यावर दाणे पांढुरके, खडूसारखे निघूं लागले. कोशिहिकारी या १९५६ सालच्या नामांकित जातीस हा दोष विशेष जाणवला. म्हणून तोयामा प्रांतांतील शेतकी खात्यानें लावणी सुट्टीवरून काढून मेच्या १५ तारखेच्या सुमारास नेण्याचा सल्ला दिला. शेताचा दिवस शेतास परत दिला, असें आम्ही याला म्हणतों.

पण १५ मे हा सुट्टीचा दिवस नव्हे. नोकरीवरच्या मुलास रजा काढून यावें लागतें. आणि २०२० च्या शेतकी गणनेंत प्रामुख्यानें शेतीवर राबणाऱ्यांचें सरासरी वय ६७.८ वर्षें भरलें. तेव्हां ज्या घरीं मुलगा येत नाहीं, तेथें त्या वयाचा बापच यंत्रावर चढतो, आणि रोपांचे डबे बांधावरून यंत्रापर्यंत त्याची म्हातारी वाहून आणते.